उरलेलं काम कोण करणार?

(महाड येथे पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



 मागे दाराशी उभे राहिलेल्या भाईंना विनंती आहे, पुढे या, बसा. आजचा विषय तुमचाही आहे. बायकांचा विषय म्हणून तुम्ही दाराशी थांबला असाल तर मला अर्धी लढाई आधीच हरल्यासारखं वाटेल.

संयोजकांनी मला सांगितलं की, बाई, तुम्ही वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवता. लहान मुलांना घरातलं कोणतं काम कोणत्या वयात द्यावं, याची एक यादी पालकांना द्या. यादी मी आणली आहे, देणारही आहे. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ही यादी मी पुस्तकातून उतरवलेली नाही. माझ्या घरात झालेल्या चुकीतून ती तयार झाली आहे.

२२ जुलै २०२१ ची रात्र इथल्या कुणालाही विसरता येणार नाही. सावित्री आणि गांधारी दोन्हीकडून चढत आल्या. आमचं घर तळमजल्यावर. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर शेजाऱ्यांकडे नेलं आणि मुलांना घेऊन आम्ही रात्रभर जिन्यातली एकेक पायरी पाण्याखाली जाताना बघत बसलो. वीज नाही, फोन नाही. तळियेची दरड त्याच संध्याकाळी कोसळली होती, ८० हून अधिक माणसं गेली, ते आम्हाला नंतर कळलं. आमचं नुकसान सामानाचंच झालं. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे त्याचं रडगाणं गाणार नाही.

पाणी उतरलं तेव्हा घरात मांडीएवढा गाळ होता. माझे शौहर कुवेतला. घरात मी, हाताखाली ११ वर्षांची लेक, ८ वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. मी फावडं घेतलं. लेकीने न सांगता घमेलं उचललं. मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मी, मी काय करू?"

मी म्हटलं, "तू काही करू नकोस. वर जाऊन बस. मध्ये येऊ नकोस."

तो रडायला लागला. मला वाटलं घाबरला असेल. सासूबाई वरून बघत होत्या. त्यांनी त्याला बोलावलं, माझी चमच्यांची आणि वाट्यांची गाळाने भरलेली पाटी वर मागवली, बादलीभर पाणी आणि फडकं दिलं आणि म्हणाल्या, "हे सगळं तुझं." दुपारपर्यंत तो बसून चमचे धूत होता. एकेक चमचा उन्हात धरून बघायचा, पुन्हा धुवायचा. तीन दिवसांनी फोन लागला तेव्हा अब्बांना त्याने पुराचं काहीही सांगितलं नाही. पहिलं वाक्य होतं, "अब्बा, घरातले सगळे चमचे मी धुतले."

आठ वर्षांचा मुलगा, आणि घरातलं एक काम आपण केलं असं सांगायला त्याला पूर यावा लागला. त्याला काम नको होतं असं नाही. मीच त्याला कधी काही शिकवलं नव्हतं.

ही झाली पहिली चूक. दुसरी मला त्याच आठवड्यात दिसली. संध्याकाळी वर गेले तर लेक भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. पाय गाळाने माखलेले, टाचेला चिरा. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, पुढच्या पुराला उपयोगी पडेल. पुराच्या गाळात मुलांना अनवाणी उतरवू नका. त्यात लेप्टोचे जंतू असतात, ते पायाच्या जखमेतून आत शिरतात. मी दोन दिवस तिला तशीच उतरवली. नंतर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, निभावलं. पण अकरा वर्षांच्या मुलीने काय उचलावं, किती उचलावं, कुठे उतरावं, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. ती करत होती म्हणून मी करून घेत होते.

घर लागल्यावर मी एक वही केली. आठ दिवस दोन्ही मुलं घरात काय काय करतात ते मिनिटांत लिहिलं. मास्तरीण आहे, हजेरी मांडायची सवय. लेकीचं असं निघालं: सकाळ-संध्याकाळची भांडी ५० मिनिटं. दोन खोल्या आणि पडवी झाडणं २५. दादीचा चहा, औषधं, आंघोळीचं पाणी ४०. तांदूळ निवडणं, भाजी निवडणं ३०. कपडे वाळत घालणं आणि घडी करणं ३०. दुकानातून सामान, शेजारी निरोप २५. बेरीज २०० मिनिटं. दिवसाला तीन तास वीस मिनिटं, आठवड्याला २३ तास २० मिनिटं.

मुलाचं निघालं रोज दहा मिनिटं. सकाळी पाव आणणं.

आता तुम्ही म्हणाल, मुलीच्या जातीला तेवढं चालायचंच. मीही तेच म्हणत आले होते. म्हणून तुम्हाला एक आकडा सांगते. ५ ते १४ वर्षांच्या मुलांची बालमजुरी मोजताना युनिसेफने घरकामाची एक मर्यादा धरली आहे. स्वतःच्या घरातलं, बिनपगारी काम आठवड्याला २१ तास किंवा त्याहून जास्त झालं, तर ते मदत या सदरात बसत नाही, बालमजुरीत मोजलं जातं. कारण तेवढ्या तासांनंतर शाळा, झोप आणि खेळ यांतलं काहीतरी मागे पडतंच.

मी शाळेत दर वर्षी बालमजुरीविरोधी प्रतिज्ञा वाचून घेते. पोलादपूरच्या वाड्यांवर जाऊन मुलं शाळेत आणते. आणि माझ्या घरात, माझ्या देखत, माझी स्वतःची मुलगी त्या रेषेच्या पलीकडे होती. त्या वेळी शाळा कोरोनामुळे बंद होत्या, अभ्यास मोबाईलवर. घरात मोबाईल एक. तो कुणाच्या हातात असायचा? ज्याचे हात मोकळे होते त्याच्या.

मी वही तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "तुझं काम खूप झालंय. आपण कमी करू." तिने वही वाचली आणि विचारलं, "कमी करायचं ठीक आहे अम्मी. पण उरलेलं कोण करणार?"

तिने तक्रार केली नाही की ती खूशही झाली नाही. घर चालवणाऱ्या बाईने विचारावा तसा सवाल विचारला. अकरा वर्षांच्या मुलीने असा सवाल विचारावा यातच सगळं आलं. आजचं माझं भाषण म्हणजे तिच्या त्या सवालाचं उत्तर आहे.

हे माझ्या एकटीच्या घरात नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना त्यात मोजलं. रोजच्या बिनपगारी घरकामात बाईमाणसं किती होती? १०० पैकी ८१. पुरुषमाणसं? २६. जे हे काम करतात त्यांच्यात बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७. ही पाहणी सहा वर्षांपासून सुरू होते हे लक्षात ठेवा. उरलेले ७४ पुरुष वयात आल्यावर अचानक आळशी झालेले नाहीत. त्यांना लहानपणी दारात उभं करून कुणीतरी सांगितलं आहे, वर जाऊन बस.

आता कुणी म्हणेल, मुलांना कामाची आवडच नसते. हे खरं नाही. जर्मनीतल्या दोन संशोधकांनी, फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी, २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा महिन्यांची चोवीस बाळं. समोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही. तो काही मागत नाही, बक्षीस दाखवत नाही. चोवीसपैकी बावीस बाळांनी निदान एकदा तरी मदत केली. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गोष्ट तपासली. ज्या बाळांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं, ती पुढच्या वेळी बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. म्हणजे भांडी घासलीस तर पाच रुपये देईन, असं म्हणणाऱ्यांनी सांभाळून.

पण यासाठी जर्मनीला जायला नको. भाकऱ्या थापायला बसलात की दीड-दोन वर्षांचं पोर येतं आणि पिठात हात घालतं. तुम्ही झाडायला लागलात की केरसुणी ओढतं. तेव्हा आपण काय म्हणतो? "जा तिकडे, खेळ जा." दोन वर्षांच्या मुलाला शंभर वेळा हाकलतो आणि तो दहा वर्षांचा झाला की शेजारणीला सांगतो, "आमचा काडी इकडची तिकडे करत नाही." मुलीला मात्र सहाव्या-सातव्या वर्षी आपण परत बोलावतो. मुलाला कधीच बोलावत नाही.

हे शहाणपण आपल्या महाराष्ट्रात जुनं आहे. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालघर सुरू केलं, तिथे झाडणं, पुसणं, ताटं मांडणं हा शिक्षणाचाच भाग होता. तो विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आणला. ताराबाई आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी गावातल्याच वस्तू घेतल्या. मुलं येत नाहीत, तर अंगणवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. घरकामामुळे मूल उशिरा आलं म्हणून छडी उगारणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे रोज आठवावं.

माँटेसरीबाईंची एक गोष्ट मी घरात तशीच्या तशी उचलली. काम मुलाच्या मापाचं हवं असेल तर साधन मुलाच्या मापाचं हवं. मोठी केरसुणी पाच वर्षांच्या हातात द्याल तर ते भिंतीवरची फोटोफ्रेम पाडेल. छोटी द्या. पाणी वाढायला मोठा जग देऊ नका, अर्ध्या लिटरचा तांब्या द्या. भांडी घासायला उंच ओट्याशी उभं करू नका, खाली मोरीत बसू द्या. आणि एक पुसायचं फडकं हाताशी द्या. सांडणार आहेच. सांडलं की ओरडायचं नाही, फडकं दाखवायचं.

आता यादी. लिहून घ्या, आणि वरती ठळक लिहा: मुलगा आणि मुलगी दोघांसाठी.

दोन ते तीन वर्षं. खेळणी पाटीत टाकणं. चपला जोडीने लावणं. ओला कपडा धुणाऱ्याच्या हातात देणं. सांडलेलं पुसणं. कांदे-बटाटे वेगळे करणं. पाच मिनिटांचं काम, तुमच्या सोबतीने.

चार ते पाच. दस्तरखान पसरणं, ताटं-वाट्या मांडणं, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेणं. रुमाल आणि टोप्यांच्या घड्या. मटार सोलणं, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं. कोंबड्यांना दाणे टाकणं, अंडी आणणं. रोज दहा मिनिटं.

सहा ते आठ. स्वतःचं ताट धुणं, अंथरूण उचलणं, दप्तर भरणं. एक खोली झाडणं. तांदूळ निवडणं. वजूच्या पाण्याचा तांब्या स्वतः भरणं. दादी-नानाला पाणी, चष्मा, वर्तमानपत्र देणं. रोज पंधरा ते वीस मिनिटं.

नऊ ते अकरा. कपडे वाळत घालणं, काढणं, आपल्या घड्या आपण करणं. पीठ मळणं. बोथट सुरीने काकडी, केळी कापणं. जवळच्या दुकानातून सामान आणि हिशोब. शाळेचा डबा भरणं. रोज अर्धा तास.

बारा ते चौदा. मोठं माणूस शेजारी असताना गॅस पेटवणं, चहा, भात, अंडं, डाळ. स्वतःचे कपडे धुणं. धाकट्याचा अभ्यास बघणं, पण धाकट्याची जबाबदारी नव्हे. रोज पाऊण ते एक तास, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यातही सूट.

काय द्यायचं नाही, तेही लिहा. बारा वर्षांच्या आत विस्तव, उकळतं पाणी, तापलेलं तेल, विळी, कोयता नको. संडास धुण्याचं अॅसिड कुठल्याच वयाच्या मुलाला नको. पावसाळ्यात लाकडांच्या ढिगात हात घालायला पाठवू नका, तिथे साप बसलेले असतात. विहिरीवर एकटं नको. आणि भांडी, कपडे घेऊन नदीवर तर नकोच. सावित्रीत मगरी आहेत हे महाडच्या माणसाला मी सांगायला नको. तान्ह्या बाळाला दिवसभर सांभाळायला सात वर्षांची बहीण हाही उपाय नाही.

आता पोलादपूरकडे वळते, कारण ही यादी घेऊन मी तिथे गेले तेव्हा गप्प झाले.

आमच्या पोलादपूर तालुक्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे डोंगर चार महिने नुसते वाहत असतात. आणि एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांवर टँकर लागतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, चौथीतली. मार्चनंतर रोज उशिरा यायची, कधी यायचीच नाही. मी घरी गेले. आई मजुरीला जाते, पाणी भरायचं काम मुलीकडे. मी हंडा उचलून बघितला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचं वजन सोडून पंधरा किलो. मुलीचं स्वतःचं वजन आम्ही शाळेत केलं होतं, २३ किलो. निम्म्याहून जास्त ओझं डोक्यावर, उताराच्या पायवाटेवर, दिवसातून चार वेळा.

त्या आईला मी मुलांना कामाची सवय कशी लावावी हे सांगू का? तिच्याकडे कामाची सवय माझ्या घरापेक्षा जास्त होती. तिथे उपाय नळाचा आहे, संस्काराचा नाही. घरोघरी नळ हे सरकारचं वचन आहे, ते मागणं ग्रामसभेत आपलं काम आहे. दरडीत, टंचाईत, दारिद्र्यात मूल जे ओढतं त्याला वळण लावणं म्हणू नका. तो आपला सगळ्यांचा बाकी राहिलेला हिशोब आहे.

पण नळ येईपर्यंत काय? तिच्या घरात दोन वर्षांनी मोठा भाऊ होता. सहावीतला. तो पाणी भरत नव्हता, कारण हंडा डोक्यावर घेणं बायकांचं काम. आई-बापाशी बसून आम्ही एवढंच ठरवलं: मुलीने हंडा घ्यायचा नाही, पाच लिटरची कळशी, तीही शाळा सुटल्यावर. सकाळचं पाणी भावाने कॅनने आणायचं, डोक्यावर नको वाटतं तर हातात घे. आणि शाळेत उशीर झाला तर मी हजेरी कापणार नाही. बाप म्हणाला, "बाई, एवढंच ना?" एवढंच होतं. आधी कुणी विचारलं नव्हतं.

कायदाही समजून घ्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाला, कुटुंबाच्या धंद्याला मदत चालते, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नको. म्हणजे कायद्यानेसुद्धा शाळा आधी आणि काम नंतर असा क्रम लावला आहे. आपण मुलासाठी तो क्रम पाळतो. मुलीसाठी उलटा करतो.

आता दाराशी उभे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात आहेत. माझे शौहरही आहेत. तिकडे एका खोलीत सहा माणसं. पाळीने स्वयंपाक. ज्याची पाळी तो सहा जणांचा भात शिजवतो, भांडी घासतो. कपडे ज्याचे त्याने धुवायचे. माझ्या शौहरांच्या हातची मच्छीची कढी त्या खोलीत प्रसिद्ध आहे म्हणे. मी लग्नानंतर बारा वर्षं ती चाखली नव्हती! कारण दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले की ते पाहुणे व्हायचे. समुद्रापलीकडे चालणारे हात घरी आल्यावर थांबतात कसे? आणि अब्बा घरात हात हलवत नाहीत हे बघून मोठा होणारा मुलगा माझी यादी कशाला ऐकेल?

कुणाला यात आपली प्रतिष्ठा जाते असं वाटत असेल तर त्यांना एवढंच आठवण करून देते. पैगंबर साहेब घरात काय करत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ऐकून सोडून दिलेली आहे.

आणि हे महाड आहे. इथल्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क घेतला. डिसेंबरात परत परिषद भरली तेव्हा मंडपासाठी जागा द्यायला कुणी तयार होईना, ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान माणसाने दिली. त्याच वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. शिक्षण पुरुषांइतकंच तुम्हालाही हवं, मुलींना शिकवा, हे त्यांनी सांगितलं. ते याच गावात, आज जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी. मुलीला शिकवायचं तर तिचा वेळ मोकळा करावा लागतो. नुसतं शाळेत नाव घालून भागत नाही.

आता माझ्या लेकीच्या सवालाकडे येते. उरलेलं कोण करणार? २०० मिनिटांचं आम्ही काय केलं?

६० मिनिटं तिच्याकडे ठेवली. मुलाला हळूहळू ३५ पर्यंत आणलं. दादी म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत, हात नाही गेले," आणि तांदूळ, भाजी, लसूण निवडण्याचं काम त्यांनी बसल्या जागी घेतलं. औषधाच्या गोळ्या त्यांनी आपल्या आपण डब्यात लावायला सुरुवात केली. शौहरांनी त्या वर्षी सोनं आणायचं ठेवून धुण्याचं मशीन घेतलं, आणि सुट्टीवर आले की शुक्रवारचा स्वयंपाक त्यांचा, हे ठरलं. रात्रीची भांडी मी घेतली. आणि काही काम कुणीच घेतलं नाही. पडवी दोनदा झाडली जायची, आता एकदा झाडते. घरात त्यामुळे काही बिघडलं नाही.

सोपं गेलं असं समजू नका. मुलाने धुतलेलं ताट मला पहिले दोन महिने लपून परत धुवावं लागलं. एकदा त्याने बघितलं, आणि आठवडाभर त्याने ताटाला हात लावला नाही. तेव्हापासून मी ते सोडलं. मुलाने केलेलं काम त्याच्या समोर परत करायचं नाही, हाही माझ्या यादीतला नियम आहे. सासूबाईंच्या बहिणी म्हणाल्या, "अगं, पोराच्या हातात झाडू देतेस? लोक काय म्हणतील?" सासूबाईंनीच उत्तर दिलं, "पुरात लोक आले नव्हते चमचे धुवायला." आणि लेकीचं काम कमी झालं तरी पहिले सहा महिने ती उठून करायला धावायची. सवय तिची मोडावी लागली, माझीही. आवाज मी अजूनही आधी तिलाच देते आणि मग जीभ चावते.

आज ती दहावीत आहे. पहिली येते वगैरे सांगायला मी उभी नाही. संध्याकाळी सहा ते आठ ती अभ्यास करते आणि त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही, एवढं सांगते. मुलगा बारा वर्षांचा आहे. तांदळाच्या भाकऱ्या करतो. गोल होत नाहीत, रायगड जिल्ह्याच्या नकाशासारख्या होतात. पण शिजलेल्या असतात.

घरी जाऊन आज यादी भिंतीवर लावू नका. आधी एक वही घ्या. आठ दिवस लिहा. एका बाजूला मुलीचं नाव, दुसऱ्या बाजूला मुलाचं, तिसऱ्या बाजूला मुलांच्या अब्बांचं. मिनिटं लिहा. नवव्या दिवशी सगळ्यांनी दस्तरखानभोवती बसून बेरीज करा, आणि बेरीज मुलीला नाही, मुलाला करायला सांगा. तिने ती आधीच केलेली असते.